भट्टीच्या तोंडावरचा पांढरा खडा

भट्टी माझी. माती माझ्या आईने तुडवली, डागडुजी मी करते, राखही मीच उपसते. आणि तरी दर शनिवारी दुपारी मला माझ्याच अंगणातून हाकलून द्यायचे. "दोना जेनेरोझा, आता खडे शिजायला घालायचेत, तुम्ही जरा ओढ्यापलीकडे जाऊन बसा बरं," असं गोड गोड बोलून. का? तर मी बाई. बाईची सावली भट्टीवर पडली तर आतला खडा घाबरतो आणि त्याचा रंग उडतो म्हणे. सकाळी त्याच भट्टीतून मी कसाव्याच्या पिठाची बिस्किटं काढायची, ती या बाप्यांनी मचमच खायची, आणि तोंड पुसून झालं की मला म्हणायचे, चला निघा!

आमच्या बारेइरुच्या डोंगरात बेरिल नावाचा हिरवट रत्नाचा खडा निघतो. तो जसाच्या तसा कोणी विचारत नाही. मडक्यात वाळू भरायची, खडे वाळूत पुरायचे आणि मडकं भट्टीत ठेवून वर निखारे ओढायचे. हिरवा जाऊन निळा येतो, आणि निळ्यासाठी सगळी दुनिया जीव टाकते. आमचे लोक म्हणतात, हिरवा खडा कच्चा, निळा पिकलेला. झाडावर नाही पिकलं तर माणूस फळ पेंढ्यात घालतो, तसा हा भट्टीत पिकवायचा. त्यामुळे इथे नियमच होता, खाणीतून हिरवं काही निघालं की आधी भट्टी, मग बाकीच्या गोष्टी. आणि शिजायच्या आधी खड्याला लोखंड लावायचं नाही, कारण तो रुसतो. रुसतो काय, घाबरतो काय! इतकी नाटकं तर आमच्या गावच्या नव्या नवऱ्याही करत नाहीत.

बाईने भट्टीपाशी यायचं नाही हा नियम मात्र जुना नव्हता. तो माझ्या डोळ्यांदेखत झाला, आणि ज्या पोरीच्या डोक्यावर तो फुटला तिची ही हकीकत. तिचं नाव आल्झिरा.

आल्झिरा आणि मी एका वयाच्या. तिचा बाप तिबुर्सियो म्हणजे हातभर पट्टा आणि वीतभर बुद्धी. आम्ही दोघी बारा-तेरा वर्षांच्या असू, तेव्हा त्याला डोंगरातल्या त्याच्या खाणीत मुठीएवढा खडा सापडला. पिवळा-हिरवा, कोवळ्या लिंबासारखा. सबंध गाव बघायला आलं. एवढा मोठा हिरवा निघालाय, निळा झाला की तिबुर्सियोचं नशीब फळफळलं असं जो तो म्हणत होता. माझ्या आईच्या भट्टीत तो शिजायला घातला. विस्तव सांभाळायला बसवलं आल्झिराच्या मोठ्या भावाला, ओलिंतोला. त्याला नुकती मिसरूड फुटत होती. मधेच आल्झिरा त्याला कॉफी घेऊन गेली. मी तिच्याबरोबरच होते, भट्टीपासून चार हातांवर उभी. कॉफी दिली, परत आलो. एवढंच घडलं.

मडकं उघडलं तर आत खडा पांढरा. निळा नाही, हिरवा नाही, विहिरीच्या पाण्यासारखा नितळ आणि बिनरंगी. वर त्याला एक भेगही गेलेली. तिबुर्सियोने पट्टा काढला आणि ओलिंतोकडे वळला. तेवढ्यात ओलिंतो म्हणाला, "बा, ही आली होती. हिची सावली पडली भट्टीवर." झालं! पट्टा फिरला तो आल्झिराच्या पाठीवर. माझं नाव कोणी घेतलं नाही, कारण माझी आई हातात लाटणं घेऊन दारात उभी होती.

दुसऱ्या दिवशी तिबुर्सियोने ओली माती कालवून तो पांढरा खडा भट्टीच्या तोंडावर बसवला. येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना आठवण राहावी म्हणून. माझ्या आईने खूप आरडाओरडा केला, पण गावातले झाडून सगळे बापे एका बाजूला, तिथे तिचं काय चालणार? त्या दिवसापासून आल्झिराला पांढऱ्या सावलीची म्हणायला लागले. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण यांच्यासाठीच केलेली. खडा शिजवता आला नाही, तर पोरीच्या सावलीला दोष.

तो डाग तिच्यामागे कुठे कुठे गेला, विचारू नका. गावातल्या फिर्मिनाच्या मुलाशी ठरलेलं लग्न मोडलं. चर्चमध्ये तिच्या बाकावर खाणीवाल्याची बायको बसेना. कोणाच्या खाणीत पाणी भरलं तरी वड्याचं तेल वांग्यावर, आल्झिरा त्या वाटेने गेली असेल. तिची आई वारल्यावर ती बोचकं बांधून व्हालादारेस शहरात निघून गेली. मी तिला बसपर्यंत पोहोचवायला गेले होते. म्हटलं, "तिकडेच सुखात राहा गं." तर मला म्हणाली, "मी काय पळून चाललेय का? परत येईन. त्या खड्याचं आणि माझं मिटायचंय अजून."

व्हालादारेसला तिला खड्यांना पैलू पाडायच्या कारखान्यात काम लागलं. आधी झाडलोट, मग खडे निवडणं, मग खडे काडीच्या टोकाला लाखेने चिकटवणं. तिथे वर्षांमागून वर्षं गेली, केस पिकायला लागले. एके दिवशी पिवळे-हिरवे खडे आले. नवीन लागलेल्या पोराने लाख मऊ करायला दिवा जवळ ओढला, तसा मुकादम ओरडला, "अरे गाढवा, दिवा लांब धर! हा बेरिल नव्हे, ब्राझिलियानिता आहे. फॉस्फेटच्या जातीतला, दुर्मीळ. याला नुसती धग लागली तरी रंग उडतो, पाणी होऊन जाईल!"

आल्झिरा मला सांगत होती, "जेनेरोझा, माझ्या हातातली काडीच गळून पडली. मी जिन्यावर जाऊन बसले आणि हसायलाच लागले. हसता हसता कधी रडायला लागले कळलं नाही. मुकादमाला वाटलं, माझं कोणी गेलं."

मिळाली ती पहिली बस पकडून ती बारेइरुला आली. थेट ओलिंतोच्या घरी. एव्हाना ओलिंतो खडे शिजवण्यात उस्ताद झाला होता, पंचक्रोशीत त्याच्या हाताला मान होता. तिने त्याला सगळं सांगितलं, की दादा, बाच्या हातात आला तो खडाच वेगळा होता, त्याला भट्टी लागायलाच नको होती. ओलिंतोने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "शहरवाले कच्चा खडा स्वस्तात उपटायला वाट्टेल ते सांगतात. तू त्यांचं मीठ खाल्लंस, त्यांचंच बोलणार." गावही हसलं. पालथ्या घड्यावर पाणी!

आता दुसरी कोणी असती तर गप्प शहरात परतली असती. आल्झिराने काय करावं? बापाची कोसळलेली खाण उकरायला घेतली. खाण वारशाने ओलिंतोची. त्याने अट घातली की त्याचा मुलगा जुवेनाल भागीत राहील आणि निघेल त्याचं काय करायचं ते ओलिंतो ठरवील. ती म्हणाली, कबूल. त्याच डोंगरातून तसाच खडा काढायचा आणि सगळ्यांच्या नाकावर टिच्चून दाखवायचा, एवढंच तिला हवं होतं. जुवेनाल म्हणजे झाडाला टेकून बसणारा भागीदार. पहार हिची, घाम हिचा, आणि वर तो विचारणार, "आत्या, काय लागलं का?" लोक वरून जाताना छातीवर क्रूसाची खूण करायचे. एक तर मुद्दाम ओरडला, "सावली सांभाळ गं!" ही खालून ओरडली, "तू अक्कल सांभाळ, आधीच थोडी आहे!"

ती माझ्याकडेच राहायची. मी दुपारी तिला जेवण न्यायचे, घेवडा आणि आंगू, म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट पिठलं. एके दुपारी खाणीच्या तोंडाशी जाऊन हाक मारली तर उत्तर नाही. पुन्हा हाक मारली तर आतून आवाज आला, "ओरडू नकोस. येतेय." ती शिडी चढून वर आली ती एका हाताने. दुसऱ्या हाताने झग्याचा ओचा घट्ट धरलेला. अंगभर चिखल, आणि डोळे असे की मी दोन पावलं मागे सरले.

"बस खाली," म्हणाली. ओचा सोडला. आत लिंबाच्या रंगाचा खडा. बापाच्यापेक्षा थोडा लहान, पण तोच. तोच गं बाई! मला ओळखायला काही शिकावं लागलं नाही, मी तो चार हातांवरून पाहिला होता.

"गप्प बस, रडू नकोस, आधी नीट बघू दे मला," ती म्हणाली. रडत तीच होती. मग तिने खिशातून साध्या बेरिलचा तुकडा काढला, साधारण तेवढाच, आणि माझ्या दोन हातांत दोन दिले. "डोळे मीट. कुठला जड?"

"डावा. जरासाच."

"डावा माझा. आता डोळे उघड आणि कडा मोज. बेरिल कसा असतो? सहा बाजूंचा, पेन्सिलीसारखा सरळ. हा बघ, एका बाजूला निमुळता होत गेलाय, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा." मग तिने चाकू काढला. मी म्हटलं, अगं लोखंड! तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड मिटलं. खड्याची खालची मोडकी बाजू वर केली आणि चाकूचं टोक दाबून ओढलं. बारीक पांढरा ओरखडा उठला. जिभेने ओलं करून बोटाने पुसला, तरी गेला नाही. तोच चाकू बेरिलवर ओढला. चाकूचीच करडी रेघ उठली, बोटाने पुसली आणि गेली. खडा जसाच्या तसा.

"आणि हा कुठे बसला होता माहीत आहे? पांढऱ्या दगडाच्या पोकळीत, अभ्रकाच्या मांडीवर. शेजारी तो काळा, काजळीसारखा कुजका दगड, ज्याला आपण घाण म्हणून फेकतो. तोही फॉस्फेटच. ही सगळी एका घरची भावंडं, एकत्र राहतात. बाने ते काळं पाहिलं असतं तर..." ती थांबली. "ब्राझिलियानिता. आपल्या देशाचं नाव लावून फिरतोय बिचारा, आणि आपल्यालाच त्याची ओळख नाही."

मी म्हटलं, "आता हा घेऊन सरळ बस पकड. कारखान्यात दाखव. ते ओळखतील."

"ते ओळखतातच गं. मला त्यांच्याकडून ऐकायचं नाही. डाग इथे लागलाय, इथेच धुवायचा."

खडा लपवायचा म्हटलं तरी लपणार कसा? झाडाला टेकलेला जुवेनाल नेमका तेव्हाच जागा झाला. संध्याकाळपर्यंत ओलिंतो माझ्या अंगणात हजर. मागे जुवेनाल आणि आणखी दहा-पंधरा बापे. ओलिंतोने खडा हातात घेतला, वर धरला, आणि मला दिसलं की त्याचा चेहरा उतरला. क्षणभरच. मग तो म्हणाला, "शनिवारी घालू भट्टीत."

"नाही घालायचा," आल्झिरा म्हणाली.

"आत्या, करार काय ठरलाय? बा ठरवील ते," जुवेनाल म्हणाला.

"तू बोलू नकोस रे. तुझ्या पाठीला झाडाची साल चिकटलीय, ती आधी काढ." लोक हसले. "दादा, हा बेरिल नाही. याला चाकू लागतो. हा बघ ओरखडा."

लोखंड लावलं हे ऐकून बाप्यांमध्ये कुजबुज झाली. ओलिंतो शांतपणे म्हणाला, "चाकू लागला म्हणजे कच्चा आहे. कोवळ्या फणसाला नख लागतं. पिकवला की टणक होईल."

"फणस पिकल्यावर टणक होतो होय? तुमच्या घरी होत असेल!" मी न राहवून बोलले. ओलिंतोने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"याला सहा बाजू नाहीत," आल्झिरा म्हणाली.

"डोंगराने दाबलाय."

"हा जड आहे."

"पाणी प्यायलाय."

बोला आता! प्रत्येक खुणेला याच्याकडे उत्तर. आल्झिराने खाली वाकून माझी नारळ फोडायची हातोडी उचलली. ओलिंतोच्या हातातून खडा घेऊन दगडावर ठेवला आणि कोणी पुढे यायच्या आत कडेला चाकू टेकवून त्यावर अलगद ठोका मारला. नखाएवढा सपाट पापुद्रा सुटला. जुवेनाल किंचाळलाच.

"ओरडू नकोस. आता सगळ्यांनी ऐका," ती म्हणाली, आणि तिचा आवाज ओढ्यापलीकडे गेला असेल. "शनिवारी अख्खा खडा नाही, हा तुकडा घालायचा. दादा, तुझ्या डब्यातला तुझ्या हाताने निवडलेला हिरवा बेरिल त्याच मडक्यात घाल. विस्तव तुझा, वाळू तुझी, हात तुझे. गावातली एकही बाई या अंगणात असणार नाही. मी ओढ्यापलीकडे चर्चच्या पायरीवर सगळ्यांसमोर बसेन. सावली पडल्यामुळे रंग जातो ना? मग सावलीच नसेल. तुकडा निळा झाला किंवा नुसता हिरवा राहिला, तरी हा खडा तुझा. मी खाण सोडीन, गाव सोडीन, आणि पांढऱ्या सावलीची म्हणून मरेन. पण तुकडा पांढरा झाला, तर हा खडा कधीही भट्टीत जाणार नाही, आणि तो वरचा," तिने भट्टीच्या तोंडाकडे हातोडी रोखली, "तो तू तुझ्या हाताने काढायचा."

ओलिंतोने दगडावरचा खडा उचलून तिच्या हातात दिला आणि सुटलेला तुकडा आपल्याकडे ठेवला. "शनिवारी," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

शनिवारी मी बिस्किटं काढली आणि या वेळी कोणी सांगायच्या आत स्वतःच निघाले. आल्झिरा मात्र अंगणात कंबरेवर हात ठेवून उभी. "थांबा. ही कोंबडी कोण? नर आहे का मादी? हाकला तिला!" जुवेनालला तिने माझ्या सगळ्या कोंबड्या ओढ्यापलीकडे हाकायला लावल्या. मग शेळी. मग शेजारच्यांची गाढवीण, जी मुळीच हलेना. तिला जुवेनाल आणि आणखी दोघांनी ढकलत ढकलत पाण्यातून नेलं. "उद्या म्हणायला नको, गाढविणीची सावली पडली," आल्झिरा म्हणाली. सगळ्या बायका तोंडावर हात धरून हसत होत्या. मला तर वाटलं, हसून हसून मी ओढ्यातच पडते.

पायरीवर बसल्यावर मात्र हसू गेलं. आल्झिराने तो खडा शालीत गुंडाळून मांडीवर घेतला होता. समोर ओढा आणि पलीकडे माझं अंगण, त्यात नुसते बापे. माझ्या भट्टीचा धूर मी लांबूनही ओळखते. आधी काळा निघाला. मी म्हटलं, "ओलं लाकूड घातलं मेल्याने." मग हळूहळू धूर पातळ झाला. ओलिंतो घाई करत नव्हता. आग जास्त झाली असं कोणाला म्हणता येऊ नये, अशी त्याने ती बेताची ठेवली. आधी निखारे तोंडाशी ओढले, मग थोडे मागे, मग वर. कसबी माणूस, ते नाकारून चालणार नाही.

आमच्या मागे फिर्मिना म्हातारी बसली होती, जिच्या मुलाशी आल्झिराचं लग्न मोडलं ती. मुलगा केव्हाच वारला, तीही आता वाकलेली. ती हळूच पुढे सरकली. "पोरी, निळा निघाला तर?"

"तर मी पांढऱ्या सावलीची. तुम्ही माझ्या अगदी जवळ बसलायत. उठून जायचं असेल तर आत्ताच जा."

फिर्मिना हलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "आता या वयात मला कोण उठवतंय? बसते." आणि तिने आपला सुरकुतलेला हात आल्झिराच्या खांद्यावर ठेवला. आल्झिराने तो झटकला नाही, पण मान वळवून बघितलंही नाही. मला वाटतं, दोघींनी बरोबर केलं.

मडकं लगेच उघडत नाहीत, ते निवावं लागतं. उन्हं उतरली. कोंबड्या आमच्या पायांत येऊन बसल्या. मी खालच्या आवाजात म्हटलं, "आल्झिरा, भीती वाटतेय का गं?"

"वाटतेय. तुकडा छोटा आहे. अंधूकसा हिरवा जरी राहिला, तरी ते जिंकले. आणि मुकादमाने सांगितलं तेच खरं धरून मी इथवर आलेय, स्वतः एकदाही घालून बघितलेलं नाही. घालायला दुसरा खडाच कुठे होता?"

म्हणजे या बाईने सगळं ऐकीव शब्दावर लावलं होतं! मी काही बोलणार तेवढ्यात अंगणातली बडबड थांबली. मडकं उघडलं होतं. सगळे बापे वाकून बघत होते, मग एकेक करून सरळ झाले. फक्त जुवेनालचा आवाज आला, "बा, गाढवीण मधेच परत आली असेल..." आणि ओलिंतोचा, "तोंड बंद कर."

ओलिंतो ओढ्याकडे निघाला. चपला न काढता पाण्यात शिरला आणि विजारीचे पाय भिजवत आमच्याकडे आला. आल्झिरापुढे उभा राहून त्याने मूठ उघडली. तळव्यावर दोन तुकडे. एक हिरवटपणातून निळा व्हायला लागलेला. दुसरा पाण्यासारखा पांढरा.

माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. मागच्या बाया उभ्या राहिल्या. आल्झिरा मात्र बसूनच राहिली. तिने पांढरा तुकडा उचलला, उजेडात धरला, आणि कितीतरी वेळ त्यातून आरपार पलीकडच्या भट्टीकडे बघत राहिली.

ओलिंतो म्हणाला, "आल्झिरा, तुला एक सांगायचंय. त्या दिवशी मला सावली-बिवली काही दिसली नव्हती. मला वाटलं, माझ्याच हातून आग जास्त झाली. बाने पट्टा काढला आणि मी घाबरलो. पहिलं नाव तोंडात आलं ते तुझं." त्याने बाहीने नाक पुसलं. "मग सगळे तेच म्हणायला लागले, आणि मीही तेच धरून बसलो. इतकी वर्षं मी खडे शिजवतो, पण तुझ्याकडे बघितलं की मला वाटायचं, तो खडा मीच जाळला."

म्हातारा रडत होता. मला त्याची दया आली असं खोटं मी सांगणार नाही. मला त्या भिजलेल्या विजारीसकट त्याला ओढ्यात ढकलावंसं वाटत होतं. मी आल्झिराकडे बघितलं.

ती उठली. "तू जाळला नाहीस, दादा. आग बरोबर होती. खडाच वेगळा होता. तू कितीही नीट शिजवला असतास, तरी पांढराच झाला असता. ती चूक ना तुझी, ना माझी." ओलिंतोने मान वर केली. त्याला वाटलं, सुटलो. "पण माझं नाव घेतलंस, ती चूक तुझी. ती मी माफ करत नाही. आज तरी नाही. चल, दिलेला शब्द पाळ."

सगळे ओढा ओलांडून माझ्या अंगणात आलो. बाया, कोंबड्या, शेळी, सगळे. गाढवीण मात्र आली नाही, तिला आता पलीकडचं गवत आवडलं होतं. आल्झिराने हातोडी ओलिंतोच्या हातात दिली. त्याने भट्टीच्या तोंडावरच्या मातीवर ठोका मारला. जुनी माती, तिबुर्सियोच्या हातची, सहज सुटेना. दोन ठोके, तीन ठोके. मग तो पांढरा खडा निसटला आणि खाली पडायच्या आत आल्झिराने तो ओच्यात झेलला. धुराने काळवंडलेला. तिने थुंकी लावून ओच्याने पुसला. आत तो अजून तसाच नितळ होता. शेजारी नवा पांढरा तुकडा ठेवला आणि ओचा सगळ्यांपुढे धरला.

पिवळा खडा तिने व्हालादारेसला नेऊन विकला. पूजेला थोडाच ठेवायचा होता? जुवेनालला त्याचा वाटा मिळाला, आणि तेव्हापासून तो सांगत फिरतो की खडा आम्ही दोघांनी ओळखला. सांगू दे बापडा. बापाचा पांढरा खडा मात्र तिने कोणालाच दाखवायला ठेवला नाही. मला देऊन टाकला. बिस्किटांवर टाकलेलं फडकं वाऱ्याने उडतं, त्यावर ठेवायला तो बरा पडतो.

भट्टीला तिथे भोक राहिलंय. ओलिंतो दोनदा माती घेऊन आला बुजवायला, मी दोन्ही वेळा परत पाठवला. त्यातून धूर निघतो आणि एका बाजूची बिस्किटं जरा करपतात. करपू देत. ती मी बाप्यांना वाढते. आणि शनिवारी दुपारी खडे शिजायला घातले की मी खुर्ची घेऊन भट्टीच्या अगदी तोंडासमोर बसते आणि घेवडा निवडते. उन्हं उतरली की माझी सावली भट्टीवर पडते. आल्झिरा शेजारी बसते, तिचीही पडते. निळा व्हायचा तो खडा निळा होतो.